वीतभर उंच छप्पर

८ मार्च

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. आशीर्वाद मनापासून आहेत आणि पुढचं पत्रही मनापासूनच आहे, तेव्हा आधी खाली बस. फोन केला असता, पण फोनवर आपण दोघं दुसऱ्याच वाक्याला भांडतो आणि तिसऱ्याला ठेवून देतो.

तुझ्या बोटीचं परीक्षण लिहून झालं. सोबत प्रत जोडली आहे. आमच्या मासिकाची रीत तुला माहीत आहे. छापण्याआधी बांधणाऱ्याला वाचायला द्यायचं, माप चुकलं असेल तर त्याने सांगायचं, पण मत बदला म्हणायचं नाही. भावाची बोट तपासायला मी नाहीच म्हणत होते. साऱ्या जगाच्या बोटींत खोट काढतेस, माझ्या बोटीत काढून दाखव, असं म्हणून तूच मागे लागलास. काढली.

हलक्या वाऱ्यात ती गुणी आहे, हे आधी लिहिलंय. किनारा सोडला तेव्हा वारा जेमतेम होता, तरी कुरकुर न करता चालू लागली. बाबांनी शिकवलेली जुनी परीक्षा घेतली. सुकाणूच्या दांड्यावरून हात काढून घेतला आणि बोट काय करते ते बघत बसले. सरळ गेली. तुझा अभिमान वाटला, तेही लिहिलंय.

मग बंदराच्या बाहेर वारा वाढला आणि बाईंनी रंग दाखवले. शिडाची बोट कलणारच, ते मला शिकवू नकोस. पण ही कलायची थांबेचना. तू केबिनचं छप्पर वीतभर उंच केलंस. त्याच्यावरून शिडाची आडवी काठी फिरायला हवी म्हणून काठी वर, काठी वर म्हणून सगळं शीड वर. वजन डोक्याशी, वाराही डोक्याशी. त्यात मागचा भाग पिंपासारखा रुंद! बोट कलली की त्या रुंद बाजूवर ती रेलते आणि सुकाणू पाण्याबाहेर यायला लागतं. मग दांडा कितीही ओढा. तिने मला न विचारता गर्रकन वाऱ्याकडे तोंड फिरवलं. तुझी बायको खाली शेगडीपाशी होती, चहाचं भांडं तिच्या हातून सुटून समोरच्या भिंतीवर आदळलं. भाजली नाही हे नशीब. शीड आखडून कमी केलं, पुन्हा निघालो. पुन्हा तेच.

तेव्हा मी लिहिलंय की ही बोट आतून देखणं घर आहे आणि मोठ्या समुद्रावर न्यायच्या लायकीची नाही. छप्पर एवढं उंच कोणासाठी केलं देव जाणे, बोटीत कोणी नाचायला जात नाही, हेही लिहिलंय.

आता परीक्षण बाजूला ठेव. वारे पडले की तू बाबांना घेऊन याच बोटीतून निघणार आहेस. जन्मभर दुसऱ्यांची शिडं शिवली, एकदा तरी किनारा दिसेनासा होईपर्यंत जायचंय, ही त्यांची इच्छा मलाही ठाऊक आहे. पण या बोटीतून मी त्यांना जाऊ देणार नाही. तुला काय करायचं ते कर.

राग आला तर पोटात ठेवू नकोस, मलाच पाठव. माया होती तेवढीच आहे.

तुझी,
ताई

~

१३ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. नमस्कार रीत म्हणून लिहिलाय, आज मनात तसलं काही नाही.

तुझं परीक्षण कारखान्यात सगळ्यांसमोर उघडलं. कौतुक असेल असं वाटलं होतं, गाढव मी. मोठ्याने वाचायला लागलो आणि दुसऱ्या परिच्छेदाला कागद दुमडून ठेवला. सुतार कानशी पुसत बसला. रंगारी बाहेर निघून गेला. लायकीची नाही! तू एक दिवस दांडा धरलास आणि माझ्या सगळ्या मेहनतीवर बोळा फिरवलास. सवय असेल तुला. दुसऱ्याने बांधायचं आणि तू उशीला टेकून लिहायचं.

मापं चुकलेली नाहीत. तुझी मापं कधी चुकत नाहीत. चुकतं ते वेगळंच.

छप्पर कोणासाठी, हे देवाने कशाला जाणायचं? तू जाणायला हवं होतंस. बाबा गिऱ्हाइकांच्या बोटींवर शीड बसवायला जायचे आणि कपाळाला टेंगूळ घेऊन परत यायचे, ते विसरलीस? तू टेंगळावर चमच्याची थंड पाठ दाबायचीस. एवढा ताडमाड माणूस, प्रत्येक बोटीत कमरेतून वाकून उभा. तेव्हाच मी मनाशी ठरवलं होतं की मी बोट बांधीन आणि तिच्यात बाबा सरळ उभे राहतील. माडीच्या दाराच्या चौकटीवर आपल्या दोघांच्या खुणांच्या वर त्यांच्या उंचीची पेन्सिलची खूण आहे. मी त्या खुणेवरून माप घेतलंय, वर टोपीपुरती जागा ठेवून. मागचा भाग रुंद केला तो त्यांचा बिछाना जिन्याला लागून यावा म्हणून, म्हणजे त्यांना आतपर्यंत धडपडत जायला नको. आणि तू लिहितेस, नाचायला!

गेल्या महिन्यात त्यांना सफरीचा नकाशा दाखवायला गेलो होतो. मांडीवर शीड घेऊन बसले होते, दोरा ओवता ओवता सगळं ऐकलं, जागचे उठलेसुद्धा नाहीत. जाऊ या, एवढंच म्हणाले. पण त्यांचा चेहरा तू बघायला हवा होतास.

आम्ही जाणार. छापायचं ते छाप. लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे, ती तुझी तू पूर्ण करून घे.

धाकटा

~

१७ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. तुझं पत्र वाचून रडले आणि मग तुझा आणखी राग आला. हे सगळं मला आधी सांगायला तुझं तोंड शिवलं होतं का? नाचण्याचं वाक्य मी काढून टाकलंय. तेवढंच एक वाक्य चुकीचं होतं, बाकी सगळं छापणार.

अरे, बाबांवर तुझी माया आहे हे त्या सुकाणूला कळणार आहे का? बोट तशीच कलणार, सुकाणू तसंच बाहेर येणार आणि तेव्हा तुझ्या त्या उंच छपराखाली बाबा सरळ उभे असतील आणि धरायला काही नसेल. चहाचं भांडं आपटलं तसा म्हातारा माणूस आपटलेला बघायचाय तुला? माझ्या डोळ्यांसमोरून ते हलत नाही. तू मेहनतीचं सांगतोस, मी आपल्या बापाचं सांगतेय.

दुरुस्ती आहे, आणि तुलाही ती दिसतेय, पण नाक आडवं येतंय. छप्पर उतरव, त्याबरोबर काठी आणि शीड खाली येईल. मागचा भाग आता अरुंद होणार नाही, तर तिथे दोन सुकाणू लाव, दोन्ही कडांना एकेक. एक पाण्याबाहेर आलं तरी दुसरं पाण्यात राहील. बाबा वाकून उभे राहतील. जन्मभर राहिलेच की.

तू ऐकणार नाहीस, म्हणून माझं परीक्षण, तुझं पत्र आणि या उत्तराची नक्कल, सगळं बाबांना पाठवून दिलंय. आता शिव्या घाल. माझा जीव तुझ्यात आहे म्हणूनच एवढी बडबड, हे समजून घेशील तर बरं.

ताई

~

२० मार्च

ती. ताईस,

नमस्कार. बाबांना मध्ये ओढलंस. माझं त्यांच्याबद्दलचं सगळं लिहिलेलं त्यांच्याच हातात दिलंस. लहानपणीही चाडी करायला तू पहिली. आता मला लिहू नकोस.

धाकटा

~

२४ मार्च

चि. ताई आणि चि. धाकटा,

दोघांना अनेक आशीर्वाद. एकच मजकूर दोनदा लिहून दोघांना पाठवतोय, नाहीतर मला कमी लिहिलं म्हणून आणखी एक भांडण व्हायचं.

मी सुखरूप आहे, संतापलेला आहे. मला कुठे न्यायचं, कशातून न्यायचं, मी उभा राहायचं का वाकायचं, यावर तुमची पत्रांवर पत्रं. आणि मला विचारलं कोणी? मी काय गुंडाळून ठेवलेलं शीड आहे?

धाकट्या, बोटीचं शीड मीच शिवलं. तुझा शिडाचा आराखडा आला तेव्हा काठी फार वर वाटली होती. म्हटलं, पोराचं काही कारण असेल. ते कारण मीच, हे आत्ता कळलं. मला विचारलं असतंस तर तेव्हाच सांगितलं असतं. ताईने बोटीबद्दल लिहिलंय ते सगळं बरोबर आहे. तिच्यावर चिडू नकोस. आणि ताई, तू त्याची बोट तपासलीस तशी एकदा त्याची विचारपूस केली असतीस, तर तुझं काही बिघडलं नसतं.

आता राहिली ती खूण. चौकटीवरची खूण काढली तेव्हा तुमची आई होती. माझ्या डोक्यावर पुस्तक आडवं धरून, स्टुलावर चढून तिने रेघ मारली होती. मी आता तेवढा नाही रे. पाठ कधीची वाकली आहे. डॉक्टर म्हणतात, ती आता सरळ व्हायची नाही. जिन्यावर तुमची पावलं वाजली की मी पटकन मांडीवर शीड ओढून बसतो आणि तुम्ही जाईपर्यंत उठत नाही. बसलेला माणूस वाकलेला दिसत नाही. म्हातारपण दाखवायला लाज वाटते, दुसरं काय! पण त्या लाजेपायी बोट बुडायला नको.

तुझ्या त्या छपराखाली मी उभा राहिलो तर माझ्या डोक्यावर मांजर बसेल एवढी जागा उरेल. ज्याच्यासाठी बांधलंस तो माणूस आता नाही. जो आहे त्याला समुद्रावर जायचंय.

छप्पर काप. दोन सुकाणू लाव. शीड परत पाठव, मी वरून छाटून देतो, अजून सुई हातात धरता येते. आणि रविवारी दोघंही या, वेगवेगळे नाही, एकत्र. जिन्यावर पावलं वाजली तरी मी बसणार नाही. चौकटीपाशी उभा असेन. टाचा लाकडाला टेकतात, पाठ टेकत नाही, डोकं तर लांबच राहतं. तरी जेवढा भरेन तेवढी नवी रेघ मारा. ताईने पुस्तक धरावं, धाकट्याने पेन्सिल.

छप्पर त्या रेघेच्या मापाने उतरव. त्याच्याखाली तुम्हाला दोघांना वाकावं लागेल. वाका. तुमच्या पाठी अजून सरळ आहेत.

तुमच्यावर लोभ आहे तो आहेच, तो मोजायला पट्टी लागत नाही. पेन्सिल तेवढी घेऊन या, इथली संपली.

बाबा