उत्तर दे, पान बदल

आबा,

श्रावण संपत आला होता. एका सकाळी देवपूजा उरकून मी ओसरीत बसलो आणि पत्ते पिसले. पिसले असं आता सरळ लिहितो आहे, त्या वेळी मी स्वतःला तसं म्हणू दिलं नव्हतं. लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याचे कापून उरलेले तुकडे, त्यावर माझ्याच हातची अक्षरं आणि चित्रं. ते नीट मिसळावेत एवढंच मनात होतं. पण हात आपणहून मांडीवर गेले. अर्धी गड्डी अंगठ्याखाली सरकली, फरफर आवाज करत दुसऱ्या अर्ध्यात शिरली, आणि शेवटी कडा सरळ करायला मी गड्डी गुडघ्यावर दोनदा आपटली. मला असं कुणी शिकवलेलं नाही. आत आई लसूण सोलत बसली होती. तिचे डोळे जाऊन आता तीनएक वर्षं झाली. तिचा हात थांबला. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि मान खाली घालून म्हणाली, "आलासा व्हय? बसा. च्या टाकते."

मी गड्डी खाली ठेवली. म्हणालो, "आई, मी आहे." तिनं आवाजाच्या रोखानं चेहरा वळवला. "तू कसा?" ती म्हणाली. "ह्ये वाजणं तुजं न्हाई." आणि पुन्हा लसणाला लागली. मी ते तुकडे पिशवीत घालून छापखान्यात निघून गेलो. दिवसभर अक्षरांचे खिळे जुळवताना एकही ओळ धड लागली नाही.

मी कुठे असतो, काय करतो, हे तुम्हाला कोण सांगणार? तुम्ही गेलात तेव्हा मी गावच्या शाळेतून फायनल होऊन नुकताच सांगलीला एका छापखान्यात लागलो होतो. अजून तिथेच आहे. पत्रिका, पावत्या, जाहिराती, कीर्तनाचे कागद. शिशाची उलटी अक्षरं वाचायची इतकी सवय झाली आहे की कधी कधी सुलटी परकी वाटतात. मालक स्वभावानं बोलके. लग्नसराई संपल्यावर पुठ्ठ्याच्या तुकड्यांचा ढीग बघून म्हणाले, "ह्याचं पोरांसाठी काहीतरी काढा. प्रश्नोत्तरांचा खेळ. तुम्ही वाचता-बिचता, तुम्हीच बसवा." मला काम आवडलं. मी प्रश्न काढले. नद्या, किल्ले, धान्यं, संत. ज्याला उत्तर येईल त्यानं तुकडा उचलायचा आणि शेवटी ज्याच्याकडे जास्त तुकडे तो जिंकला. मालकांच्या नातवंडांसमोर मांडला, तर धाकटी नात चौथ्या प्रश्नालाच उठली. "आजोबा, ही तर शाळाच आहे की! सुट्टीत पण?"

मालक हसले. मला हसू आलं नाही, कारण खेळात काय कमी आहे ते मला त्याच क्षणी कळलं होतं. तुम्हीच मला ते शिकवलं होतंत. नुसत्या प्रश्नाला कुणी विचारत नाही. हातात पाच पानं हवीत, त्यातलं एक निरुपयोगी हवं, आणि ते टाकून दुसरं घेण्याची घाई जिवाला लागलेली हवी. मग प्रश्न गोड लागतो.

पहिल्या महायुद्धात तुम्ही पलटणीबरोबर इराकात, बसऱ्याच्या बाजूला होतात. गोऱ्या सोजिरांचा पाच पानांचा डाव तुम्ही लांबून बघून शिकलात. जोडी, दोन जोड्या, तीन सारखी, एकामागून एक पाच, सगळी एका रंगाची. तुमच्या तंबूत आटपाडीकडचा एक होता आणि आष्ट्याचा एक. पैसे लावायची बंदी होती, म्हणून तुम्ही तिघांनी प्रश्न लावायला सुरुवात केली. प्रश्न ज्याच्या त्याच्या गावाचा. पान बदलायचं असेल तर दुसऱ्याच्या गावचं उत्तर द्यायचं; चुकलं तर आहे त्याच पानांवर बसायचं. "माज्या गावच्या वड्याला पाणी कवा येतं?" आटपाडीचा विचारायचा. पावसाळ्यात म्हणाल तर हरलात. "येत न्हाई गड्या, वाळू उकरून काढावं लागतंय," हे उत्तर. आष्ट्याचा विचारायचा, "आमची म्हस कंच्या शिंगानं मारती?" तुमचा प्रश्न असे, आपल्या गावात शिरताना आधी काय दिसतं. देऊळ नाही, चिंच. परमुलखात, वाळूत, तुम्ही तिघं अशी एकमेकांची गावं पाठ करत बसलात. मग ते दोघं तिथल्याच वाळूत कायमचे राहिले आणि त्यांची गावं तुमच्या डोक्यात बसून बोटीतून परत आली.

हे सगळं मला पुढं तुकड्या-तुकड्यानं समजलं. लहानपणी मला एवढंच ठाऊक होतं की दिवस कलता, गुरांचं उरकलं, की तुम्ही सोप्यात घोंगडं टाकता आणि मला हाक मारता. खेळणारे आपण दोघं, पण तुम्ही पानं चार जागी वाटता. तुमच्या समोर, माझ्या समोर, आणि दोन रिकाम्या कोपऱ्यांसमोर. रिकाम्या कोपऱ्याची पाळी आली की तुम्ही तिकडची पानं उचलता, डोळे बारीक करता आणि बोलता. आटपाडीचा थोडा नाकातून बोलत असे, आष्ट्याचा प्रत्येक वाक्याआधी खाकरत असे. तुमच्या तोंडून ते बोलतात तेव्हा मी तुमच्याकडे बघत नाही, कोपऱ्याकडे बघतो. भीती वाटते, आणि उठावंसंही वाटत नाही. "उत्तर दे, पान बदल," तुम्ही म्हणता. "कळलं न्हाई तर बस तसाच. माणसाला येत आसंल तरच बदलाय मिळतं रं."

एकदा आई चुलीपुढून उठून दारात आली. हात पिठानं भरलेले. तुम्हाला ती कधी मोठ्यानं बोलत नसे. त्या दिवशी म्हणाली, "आपल्या जित्त्या पोराला मेलेल्यांच्या पंगतीत बसवू नगा. आवं, त्याचं डोळं बगा कसं झाल्यात."  तुम्ही पानं गोळा केलीत, गुडघ्यावर दोनदा आपटलीत आणि गड्डी मेणकापडात गुंडाळून खुंटीवरच्या पिशवीत ठेवलीत. पण दुसऱ्या दिवशी घोंगडं पुन्हा पडलं.

तुम्ही गेलात त्या वर्षी ऊस उभा होता. दहाव्याला नदीवर पिंड मांडला आणि कावळा शिवेना. समोर बाभळीवर बसलेला, खाली बघत होता, पण उतरत नव्हता. चुलत्यांनी सांगितलं, बहिणीचं लग्न वेळेवर करीन म्हण. मी म्हणालो. आईला अंतर देणार नाही म्हण. म्हणालो. ऊन चढत चाललं, भटजी घड्याळ बघू लागले, माणसं एकमेकांच्या कानात बोलू लागली. मग मामा पुढे आला. "पत्त्याचं बोल रं. त्येच आडलं आसंल त्येंच्या जिवात." मी ओंजळीत पाणी घेतलं आणि मोठ्यानं म्हणालो, "आबा, जन्मात पत्त्याला हात लावणार नाही." पाणी सोडलं, आणि कावळा उतरला. सगळे म्हणाले, बघा, हेच होतं.

आबा, त्या दिवसापासून मी पत्त्याला शिवलो नाही. छापखान्यात जेवणाच्या सुट्टीत डाव पडतो, तेव्हा मी कृष्णेच्या घाटावर जाऊन बसतो. रोज जेवणाआधी कावळ्याला घास ठेवतो. तो येतो, खातो, मान तिरकी करून माझ्याकडे बघतो. मी देवाचं माणूस, दिलेल्या शब्दाला जपणारा. पण तो बघतो तेव्हा मला वाटतं की हा काहीतरी विचारतो आहे आणि मला उत्तर येत नाही म्हणून मी तसाच बसलो आहे.

म्हणून नवा खेळ बसवताना मी पळवाट काढली. बदाम-किलवर काढायचे नाहीत. त्यांच्या जागी किल्ला, नदी, कणीस आणि वीणा. राजा-राणी नाहीत, नुसते आकडे. पाच पानं, बदलायला प्रश्न, जोड्या आणि रांगा, सगळं तुमचंच, पण पत्ते नव्हेत ते, असं मी स्वतःला समजावलं. खेळ नीट चालतो का हे बघायला चार जणांची पानं वाटावी लागतात. मी एकटाच चौघांसाठी खेळायचो. दोन कोपऱ्यांची उत्तरं देताना माझा आवाज बदलतो हे एके दिवशी माझ्या ध्यानात आलं. एक नाकातून येत होता. ज्या माणसाला मी जन्मात पाहिलं नाही, तो माझ्या गळ्यातून बोलत होता.

मालकांना मी नद्या-किल्ल्यांच्या जोडीला तुमचेही प्रश्न दाखवले. ते म्हणाले, "अहो, आटपाडीच्या ओढ्याचं सातारच्या पोराला काय करायचंय?" मी म्हणालो, "त्याला ठाऊक नाही म्हणूनच विचारायचं, मालक." "आणि ही म्हैस? ही म्हैस मेली असेल हो कधीच!"  ती मेली असणारच. मला आठवलं ते दुष्काळातलं. प्रेसच्या कामानं आटपाडीकडे एसटीनं चाललो होतो. ओढ्याच्या पात्रात बायका वाळूत खड्डे करून वाटीनं पाणी भरत होत्या. मी खिडकीशी बसून मोठ्यानं "बरोबर" म्हणालो. शेजारचा माणूस माझ्याकडे बघतच राहिला.

तर, त्या सकाळनंतरचं सांगतो. आईनं तुम्हाला चहा विचारला, त्यानंतर ती चार दिवस माझ्याशी जेमतेम बोलली. मला वाटलं, शब्द मोडला म्हणून. पाचव्या दिवशी सुट्टी होती. मी तिच्यापुढे जाऊन बसलो आणि म्हणालो, "आई, मी आबांचा खेळ छापायला घेतलाय. नको म्हणालीस तर सगळं चुलीत घालतो."

ती म्हणाली, "तुज्या मामाकडं म्या पिंडाच्या सामानात त्येंची गड्डी बांधून दिली हुती. नदीत सोड म्हनलं."

"कधी?"

"दहाव्याला. तू पाणी सोडत हुतास, तवाच माज्या दादानं गठुळ्यातनं गड्डी काढून वाळूवर ठिवली. आन् कावळा उतरला. दोनी एकाच वक्ताला झालं. दादा घरी येऊन मला म्हनला, कशाला उतरला कुणाला ठावं."

मी विचारलं, "मग मला इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"सांगून? तू बी जाऊन बसला असतास त्येंच्यात." तिनं हातानं चाचपून माझा गुडघा धरला. "त्येंचं निम्मं आयुष्य तितंच गेलं लेकरा, त्या दोगांच्यात. मला तू सगळा पायजे हुतास." मग म्हणाली, "दादा सांगायचा, पानं लवकर बुडाली न्हाईत. तरंगत गेली लांबवर."

आबा, मी तीस वर्षं एका उत्तरावर बसून होतो आणि ते उत्तर बरोबर होतं की नाही हे विचारायला आता मामाही नाही. मी शब्द दिला म्हणून तुम्ही मोकळे झालात, की तुमची पानं तुमच्याजवळ आली म्हणून? देवापुढे बसून बघितलं. तिथूनही काही आलं नाही. मनाला एवढंच वाटलं, की हे न कळताच मला जे करायचं ते करावं लागणार.

मी पिशवी आणली. आई म्हणाली, "वाट. मला बी वाट."

"तुला दिसत नाही, आई."

"पानं तू बग. प्रश्न मला इचार."

मी आमच्या दोघांची पानं वाटली आणि थांबलो. ती कान देऊन बसली होती. "त्येंची बी वाट की," ती म्हणाली. "तिगांची." मग मी पाच जागी वाटली. आईच्या हातात दोन अठ्ठ्या होत्या आणि एक पान अगदीच वाया गेलेलं. मी आष्ट्याच्या गड्याचा प्रश्न काढला आणि विचारताना, न ठरवता, आधी खाकरलो. आईच्या अंगावर काटा आलेला मला दिसला. "आमची म्हस कंच्या शिंगानं मारती?"

"डाव्या," आई लगेच म्हणाली. चुलीपुढं बसून तिनं सगळं ऐकलं होतं, सगळी वर्षं. "बदल माजं पान."

आज सकाळी मी जुळवलेल्या अक्षरांचा फर्मा मशीनवर चढवला. ओढ्याचा प्रश्न आहे, चिंचेचा आहे, आणि मालकांनी डोक्याला हात लावला तरी म्हशीचाही आहे. किल्ला आणि वीणा काढून टाकून मी बदाम, चौकट, किलवर, इस्पिक यांचेच ठसे लावले. पहिला ताव निघाला तेव्हा शाई ओली होती, तो मी कडेनं धरून उजेडात बघितला. हे पत्र कुठं टाकायचं नाही. कापलेल्या पहिल्या गड्डीला गुंडाळायला कागद लागेल, त्याच्याच कामी येईल.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी डाव उरकल्यावर तुमच्या जागची पानं मी उलटून बघितली. काहीच नव्हतं हातात, एक जोडीसुद्धा नाही. मग मी तुमचा आवाज काढून आटपाडीच्या ओढ्याचं उत्तर दिलं आणि तुमचं एक पान बदललं. आईला ते ऐकू गेलं असणार. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला.