मोटारघराचा वज्रलेप

पांढरकवडा, १२ फेब्रुवारी १९६१

आज तिसऱ्या प्रहरी मोटारीचा गृहप्रवेश. यवतमाळच्या एका निवृत्त इंजिनिअरसाहेबांची ही प्रौढा. वय विचारू नये असे विक्रेत्याने सुचवले, आम्ही विचारले नाही. येथील वकीलमंडळात चतुश्चक्रधारी होण्याचा प्रथम मान अस्मादिकांचा. (दुसरा उमेदवार नव्हता.) गोठ्याचे नामांतर 'मोटारघर'. ओवाळताना सौ.ने मोटारीच्या कपाळी कुंकू लावले, परंतु दृष्टी कोपऱ्यातल्या रिकाम्या खुंट्याकडे.

चांदीला, आमच्या गाभण गाईला, मागल्याच आठवड्यात हरसिंग तांड्यावर घेऊन गेला. हरसिंग आमचा जुना पक्षकार. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहत मुलूख फिरले; हा केळापूरच्या पलीकडे शेती करतो. करार तोंडी: सांभाळ त्याचा, दूध त्याचे, वासरे निम्मी-निम्मी. एका छपराखाली गाय व मोटार यांचे सहजीवन अशक्य, हा युक्तिवाद माझा. सौ.ने प्रतिवाद केला नाही. अनुभवी वकिलाने भ्यावे ती हीच अवस्था.

१५ फेब्रुवारी

मोटार पाझरते. तैलबिंदू अखंड. वैद्यकशास्त्रात या व्याधीला नाव आहे, येथे लिहीत नाही. जमीन शेणाने सारवलेली, ती तेल पिऊन काळी. सौ.ने काल त्यावर पुन्हा सारवले. आज सकाळी सारा थर उन्हातल्या पापडासारखा वर उचललेला.

"गाईच्या मुतानं जमीन घट्ट व्हायची. तुमच्या मोटारीच्या मुतानं उखडते."

कोर्टात जाताना वाटेत तीन उत्तरे सुचली.

१९ फेब्रुवारी

मोटारघरात भूमिलेपन-परिषद. उपस्थित: शेजारचे डॉक्टर तात्या, लक्ष्मण मिस्त्री, अध्यक्षस्थानी अस्मादिक. विषय: तैलसह, भारसह, चिरस्थायी लेप कोणता?

मिस्त्री: "मले विचारसान तं सिमेंट. असं घोटून देतो का तुमाले तुमचं तोंड दिसन त्यात."

तात्या: "डांबर ओता. स्वस्त आणि मस्त. आणि वकिलाला स्वतःचं तोंड पाहून काय करायचंय?"

सौ. चहा घेऊन आली. कोणी विचारले नसताना बोलली: "फरशी टाका. पण खडबडीत. टाकीचे घाव राहू द्या तिच्यावर."

"खडबडीत कशाला?"

"गुळगुळीत जमिनीवर खूर घसरतात."

"अगं, मोटारीला खूर नसतात."

"मग कोणाला असतात?"

कपबशा उचलून आत गेली. परिषद बिननिर्णय बरखास्त. मिस्त्री जाताना मिशीत हसत होता, त्याची नोंद घेतली आहे.

प्रश्न लेपाचा नाही, हे मला तेव्हाच कळले. कळले हे दाखवले नाही. चांदीची आई व्याल्याबरोबर गेली, तेव्हा हिने फडके दुधात बुडवून बुडवून ते वासरू जगवले. कंदील घेऊन गोठ्यात बसायची. घरात तेव्हा दुसरे लहान कोणी नव्हते. पुढेही कोणी आले नाही.

तरीही गुळगुळीत म्हणजे पूर्णविराम आणि खडबडीत म्हणजे स्वल्पविराम, असा काहीसा

(येथे पक्षकार आला.)

२३ फेब्रुवारी

सिमेंटच्या परवान्यासाठी तहसिलीत. कारकून म्हणाला, आधी पूल, मग शाळा, मग बंधारा, मग आपण. राष्ट्राच्या पुनर्निर्माणात माझ्या मोटारघराचा क्रमांक चौथा हे ऐकून ऊर भरून आला, हात रिकामे राहिले.

डांबर बाद. तात्यांनी गेल्या वैशाखात स्वतःच्या ओट्याला डांबर फासले होते. दोन रुग्णांच्या वहाणा तेथेच राहिल्या. रुग्ण बरे होऊन अनवाणी घरी गेले.

फरशी? मुकुटबनकडून गाडीने आणता येईल. मात्र फरशी म्हणजे सौ.चा विजय, आणि तोही बिनतक्रार. विचार चालू.

२६ फेब्रुवारी

निर्णय झाला. आधुनिकांनी हात वर केल्यावर प्राचीनांना शरण. पाठशाळेत आमचे गुरुजी मंदिरांच्या वज्रलेपाचे वर्णन करीत: बेलफळ, कवठ, लाख, डिंक, उडीद, गूळ, सर्वांचा अष्टमांश काढा, तो चुन्यात कालवणे. टिकाऊपणा: सहस्र वर्षे. माझ्या मोटारीचे आयुष्य पाहता थोडा अधिकच, परंतु अल्पात समाधान मानणे हे पंडिताचे लक्षण नव्हे.

सामग्री-संकलन सुरू. बेल देवळामागून. कवठे बाभुळगावच्या साडूकडून येणार. लाख बाजारातून (न्यायालयीन शिक्कामोर्तबाच्या लाखेस स्पर्श केलेला नाही, हे येथे स्वच्छ लिहून ठेवतो).

सौ. गुळाच्या ढेपेकडे पाहत: "एवढ्यात होळीचं पुरण झालं असतं. पुढल्या दोन होळ्यांचंही."

५ मार्च

धुळवड उलटून मिस्त्री पूर्ण शुद्धीवर आल्यावर कार्यारंभ. मोटार बाहेर निंबाखाली. चुना तांब्याच्या पातेल्यातल्या काढ्यात कालवला. सर्व आळीत असा सुगंध की दोन घरांतून 'आज काय केलं?' म्हणून चौकशी.

मिस्त्री: "साहेब, जिंदगीभर चुना घोटला, पर त्याचा सयपाक कराचं आजच पाह्यलं. फोडनी कवा टाकाची?"

मूढ! पुढील सहस्रकात कळेल.

सायंकाळी लेपन पूर्ण. सुवर्णपिंगट वर्ण. कोपऱ्यातला खुंटा काढू का, असे मिस्त्रीने विचारले. राहू द्या म्हटले. खुंटा उपटला तर भूमी भंगते, असे कारण दिले. शास्त्राधार नाही. त्या क्षणी रचला.

७ मार्च

मुंग्या.

कणाकणाने नव्हे, दिंडीने. काळ्या, तांबड्या, आणि एक जात जी मी पूर्वी पाहिलेली नाही. तात्या कुंपणावरून: "काय वकीलसाहेब, जेवणावळ कोणाची?" मी उत्तरलो की पिपीलिका ही निसर्गाची परीक्षक-समिती होय, त्या उत्तीर्ण वस्तूच तपासतात.

सौ.ने हळद टाकली. त्यांनी हळद वळसा घालून ओलांडली. सौ. हसली. महिन्याभरात प्रथमच. मी त्याकडे पाहिले नाही असे दाखवले.

१० मार्च

क्रमाने लिहितो.

कोर्टातून परतलो तो मोटारघराच्या दाराला अडकून तुटके दावे लोंबते. आत चांदी. तांड्यावरून एकटी आलेली. खुंट्याभोवतीचा वज्रलेप तिने चाटून चाटून खाली मातीपर्यंत नेलेला, मोठ्या परातीएवढा. ओठाला चुना. सौ. तिच्या मानेला हात घालून बसलेली, पदर ओला. माझ्याकडे पाहून एवढेच म्हणाली, "तिला गुळाची सवय आहे हो. मीच लावली होती."

गाभण गाय, आणि पोटात चुना. सहस्र वर्षांचा.

तात्यांना हाक मारली. ते म्हणाले, "मी दोन पायांपर्यंतचा डॉक्टर." तरी धावत आले, आणि सरकारी ढोरांच्या दवाखान्यातून डॉक्टरला मोटारीतून मीच आणले. त्या प्रवासात मोटार एकदाही बंद पडली नाही. ढोरांच्या डॉक्टराने तिचे तोंड धुतले, पोट दाबून पाहिले, म्हणाला, "चुना मुरलेला होता म्हणून जीभ वाचली. ताक पाजत राहा. रवंथ सुरू झाला तर ठीक. नाही झाला तर मला बोलवा." शेवटचे वाक्य त्याने सौ.ला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हटले. तिला ऐकू गेले.

सांजेला हरसिंग धापा टाकत. "वकीलसाब, दावं तोडून आलती. म्या नदीलोग पाह्यलं. आमच्या इथं ते चारा धड खाऊन नोहती राह्यली. म्या म्हनलं, रुळंन." जमिनीकडे पाहून: "अन् हे काय करून ठेवलं तुमी?"

मी वज्रलेपाचे माहात्म्य सांगितले नाही.

११ मार्च

पहाटे सौ.ने हाक दिली. "या. या लवकर. जबडा हलतो आहे."

उभे राहून पाहिले. डावीकडून उजवीकडे, मग थोडे थांबून पुन्हा. अशील निर्दोष सुटताना न्यायालयातही मी इतका वेळ एखाद्याच्या तोंडाकडे पाहिलेले नाही. डोळ्यात चुन्याची कणी गेली असावी.

हरसिंग वऱ्हांड्यातच निजला होता. मी सौ.ला म्हटले, ठेवून घेऊ. ती म्हणाली, "कुंकू लावून माझ्या हातानं दिली. दिलेली गाय परत मागतात का? उद्या तांड्यात त्याची बायको काय म्हणेल, वकिलाच्या घरचा शब्द एवढाच?"

तोंडी करारही करारच, हा माझाच युक्तिवाद, माझ्याविरुद्ध, माझ्याहून चांगला.

१३ मार्च

चांदी गेली. हरसिंग पुढे, ती मागे. वळणावर थांबली. त्याने दावे ओढले नाही, उभा राहिला. मग ती आपली आपण चालली. सौ. दारात नव्हती, मागल्या अंगणात भांडी घासत होती. स्वच्छ भांडी.

जाण्यापूर्वी मी हरसिंगला बाजूला घेऊन विचारले, चांदी परत देशील का. तो डोके खाजवत: "माह्या हातात असतं तं आत्ताच सोडलं असतं. पर याडीनं, म्हंजे माह्या मायनं, अन् बायकोनं तिच्यासाठी अंगनात जागा केली, वेसन रंगवली. विचारून सांगतो. बाजाराले येईन तवा."

१७ मार्च

मिस्त्रीने वज्रलेप खरवडला. सहस्र वर्षे एका सकाळीत. मुंग्यांनी शेवटपर्यंत साथ दिली.

तात्यांच्या दवाखान्याच्या नव्या खोलीतून उरलेले सिमेंट मिळाले. "डांबराचा अपमान केलास, तरी घे," म्हणाले. मिस्त्री खूश. वाळू चाळली, थर टाकला, घोटणी काढली. आरशाची तयारी.

मी म्हटले, "घोटू नका. खाचा मारा. आडव्या-उभ्या, बोट बोट अंतरावर. आणि नालीकडे उतार."

"मोटारले खाचा कायले?"

"टायर घसरतात."

"साहेब, उभ्या गाडीचं टायर घसरते काहून?"

"माझे घसरते. तुम्ही खाचा मारा."

मारल्या. सुतळी ताणून, दोरी पकडायला मी स्वतः. खुंट्याभोवती वीतभर जागा कोरी ठेवायला सांगितली. मिस्त्रीने या वेळी कारण विचारले नाही, मीही शास्त्र रचले नाही. अर्ध्या तासाने एवढेच म्हणाला, "साहेब, हा उतार गाडीले नाई लागत."

"ठाऊक आहे."

२१ मार्च

सिमेंटवर पाणी मारणे चालू. हे काम सौ.ने मागून घेतले. आज सकाळी खिडकीतून पाहिले: कळशी खाली ठेवली, वहाणा काढल्या, ओल्या जमिनीवर अनवाणी चालली. दारापासून खुंट्यापर्यंत. तेथे टाच दाबून, जोर देऊन, थोडे मुद्दाम सरकून पाहिले.

"घसरत नाही," म्हणाली.

तेथे कोणी नव्हते. मी खिडकीत होतो हे तिला ठाऊक असल्याचा पुरावा नाही.

महिनाभर कमी पडलेली चहातली साखर आज पूर्ववत.

२५ मार्च

बाजारातून हरसिंग आला. सातूचे पीठ घेऊन आला होता, बाईंसाठी. बसला नाही.

"बायको काय म्हणाली?"

"ते म्हंते, बाईचं मन मले समजते. पर ते माह्या हातून सांगत नाई. सोता येऊन बाईसोबत बोलीन म्हंते. अन् जागा पाहीन म्हंते, गाय कुठं बांधतेत ते."

"कधी?"

"येईन. तिच्या मनात आलं का येईन."

बस्स. याहून स्पष्ट साक्ष मिळाली नाही. चांदी खाते, एवढे तो म्हणाला. थोडे खाते.

सौ.ने दोन्ही हातांनी पीठ घेतले. दुपारपासून ओसरीत अंबाडीचे दावे वळत बसली आहे. विचारले, तर म्हणाली, विहिरीच्या दोरासाठी. विहिरीचा दोर एवढा आखूड नसतो.

मोटार अद्याप निंबाखाली. पक्ष्यांनी तिच्यावर आपापल्या परीने लेपन केले आहे, टिकाऊ वाटते. मिस्त्री सांजेला डोकावला, पायाने जमीन ठोकून म्हणाला, "साहेब, दगड झाला. कालपासूनच. आता गाडी आत घ्या."

मी म्हटले, जमीन अजून थोडी सुकू द्या.