टेकाडावरची टाकी

४ मार्च
नातीनं जेवणाच्या टेबलावर नकाशा अंथरला! कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. तिच्या कचेरीनं केलेला शहराचा पुढच्या वीस वर्षांचा आराखडा— शाळा पिवळ्या, दवाखाने लाल, पाणी निळं. मला अक्षर येत नाही, रंग येतात. विचारलं, "यात मी कुठाय?" म्हणाली, "आजी, वीस वर्षांनी तू—" आणि जीभ चावली. म्हटलं, चावू नको, नोकरीत लागेल!
टेकाडावर निळा गोल आहे. तिथे टाकी.
(बोलते मी, लिहिते सूनबाई. नात तिचीच लेक, तरी यातलं काही तिच्या कानावर जायचं नाही. कबूल केलंय सूनबाईनं.)

५ मार्च
वाळलेले कपडे पुन्हा वाळत घातले.

८ मार्च
म्हटलं, टाकी जरा सरकव की. "आजी, ती काय कपाट आहे? सगळ्यात उंच जागा तीच. पाणी आपोआप उतरेल घरोघर. पाया मात्र खोल घ्यावा लागेल."
उंच म्हणूनच तर!
सूनबाई, आता थांबू नकोस, लिही. माझी पहिली मुलगी तिथे आहे. तुझ्या नवऱ्याच्या आधीची. नाव ठेवायच्या आत गेली. हे एकटेच घेऊन गेले, बायकांनी जायचं नसे. आल्यावर म्हणाले, "टेकाडावर ठेवलीय. नदीला कितीही पूर येवो, तिथे पाणी चढत नाही." त्या एका वाक्यावर मी जगले. कपडे वाळत घालताना रोज तिकडे बघते. घरच्यांना वाटतं, म्हातारी हवा खाते.
पेन थांबलं. रड बाई, पण कागद बाजूला ठेवून.

१९ मार्च
हरकतींची सुनावणी. हरकत कुणीही घ्यावी, फक्त कारण द्यायचं. आता नात समोर बसलेली, खरं कसं सांगू? म्हटलं, टाकीची सावली माझ्या कपड्यांवर पडेल. साहेब म्हणाले, "आजी, टेकाड कुठे, तुमचं घर कुठे!" म्हटलं, "संध्याकाळी सावल्या लांबतात, साहेब." सगळे हसले.
मग शिंपीण उठली— डास होतील. गादीवाल्याची बायको— वर चढून लोक घरात डोकावतील. दातांच्या डॉक्टरची आई तर खुर्चीसकट उचलून आणवलेली. म्हणे, टाकीचा रंग आवडला नाही! अजून रंग दिलाय कुणी?
मीही हसत मागे वळले. सगळ्या माझ्याच वयाच्या. एकही पुरुष नाही, एकही तरणी नाही. कुणी कुणाच्या डोळ्यांत बघेना.
इतक्या जणी?

२२ मार्च
शिंपीण आली. बराच वेळ सुनेच्या कागाळ्या. मग हळूच— "तुझ्या ह्यांनी काय सांगितलं होतं गं?" मी सांगितलं. तिचा चेहरा उतरला. "शब्दन् शब्द तोच," म्हणाली.

२ एप्रिल
नात चप्पल न काढताच आत आली, खुशीत. टेकाडावर ठिकठिकाणी भोकं पाडून जमीन तपासली. "आजी, जागा एकदम पक्की! बोटभर मातीखाली सगळीकडे अखंड कातळ. आजवर तिथे वीतभरसुद्धा कुणाला खणता आलं नसेल."
म्हटलं, बांध.

३ एप्रिल
आठवलं. त्या दिवशी परत आले तेव्हा हे कमरेपर्यंत ओले होते.