चुकीच्या गावातले तीन दिवस

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. (साष्टांग घालावा असं फार मनात होतं, पण डावा गुडघा हल्ली माझं ऐकत नाही. खाली गेलो तर वर कोण काढणार, म्हणून उभ्याउभ्याचाच गोड मानून घे.) तुझी कंबर कशी आहे? डोळ्यांत थेंब घालतेस, की बाटलीकडे नुसतं बघूनच बरं वाटून घेतेस? भाचेबुवांना आणि सूनबाईंना आशीर्वाद. तुमच्या वरच्या मजल्यावर जो कोणी बासरी शिकतोय त्यालाही आशीर्वाद, म्हणजे एकदाचा शिकेल तरी. इकडे सर्व क्षेम. सर्व म्हणजे मीच. दुसरं मोजण्यासारखं कुणी नाही.

परवा फोनवर तू विचारलंस, "पाच दिवस कुठे उलथला होतास?" आणि मी "गावाला" एवढंच म्हणून फोन ठेवला. त्यावर तू पुन्हा फोन केला नाहीस, म्हणजे चिडली आहेस. चिडलेल्या माणसाला सगळं लिहून कळवावं, मध्येच तोडता येत नाही त्याला.

याचं मूळ आमच्या डॉक्टरीणबाईंत आहे. छातीत जरा धडधडतं म्हणून गेलो, तर त्यांनी एक फॉर्म पुढे सरकवला. वडील कशाने वारले? लिहिलं. आई? लिहिलं. आजोबा? माझं पेन तिथेच थबकलं. बाई म्हणाल्या, "माहीत नाही, असं लिहा की." ताई, चौतीस वर्षं मी छापखान्यात प्रुफं तपासली. दुसऱ्यांच्या आजोबांच्या चरित्रांतले सनसुद्धा पडताळून पाहिले. आणि माझ्याच आजोबांच्या रकान्यात माहीत नाही? बाबांजवळ हा विषय काढला की ते चष्मा पुसायला घ्यायचे, तुला आठवत असेल. इतका पुसायचे की शेवटी आपणच म्हणायचो, राहू द्या. आज वाटतं, एकदा तरी तो चष्मा काढून घ्यायला हवा होता.

मग मी जुन्या नोंदींच्या कचेरीत जाऊ लागलो. तिथल्या कारकुनाला मी मनातल्या मनात 'उद्यासाहेब' असं नाव ठेवलं आहे, कारण त्यांच्या तोंडून दुसरं काही मी फारसं ऐकलेलं नाही. (माणूस वाईट नाही. सातव्या दिवशी त्यांनी स्वतःच्या डब्यातला अर्धा भाग मला दिला. "रोज येताय, आता घरचेच झालात" म्हणाले.) आठव्या दिवशी उद्याचा आज झाला. एक जाडजूड वही आली. तिच्यातली निम्मी पानं वाळवीने वाचून संपवली होती आणि उरलेल्यांत बाबांची जन्माची नोंद होती. आजोबांचं नाव होतं. गावाचं नाव होतं. नावापुढे बारीक अक्षरात 'खा.' असं लिहिलं होतं. आता छापखान्यात समासात 'खा.' लिहिलं की त्याचा अर्थ खाडाखोड. ही खूण मीच पाडलेली. मी ती नोंद लिहिणाऱ्या जुन्या कारकुनाला मनातल्या मनात शाबासकी दिली, खाडाखोड केली तर कबूल तरी करतो म्हणून, आणि गावाचं नाव उतरवून घेतलं. त्या 'खा.'कडे दुसऱ्यांदा पाहिलंसुद्धा नाही.

दोन गाड्या बदलून तिथे उतरलो. गाव टेकडीवर, रस्ता सगळा चढाचा. मी गुडघ्याला समजावत पोस्टापर्यंत पोचलो आणि आपलं आडनाव सांगितलं. पोस्टमास्तर म्हणाले, "आहेत की! निळ्या दाराचं घर." निळं दार वाजवलं. एका सुनेने उघडलं. मी म्हटलं, मी अमक्याचा नातू, माझे वडील लहानपणीच इथून गेले. ती आत बघून ओरडली, "मोठी आई, गेलेल्यांपैकी आलेत!" (शब्द जरा बेतानेच निवडायला हवे होते, पण भावना चांगली होती.)

त्यानंतर जे झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मोठी आई म्हणजे त्या घरातल्या ऐंशीच्या पुढच्या आजी. त्यांच्या यजमानांच्या आजोबांचा एक भाऊ फार वर्षांपूर्वी मुलाबाळांसकट कुठेतरी निघून गेला होता. मी त्याच्याच घरातला ठरलो. पाचच मिनिटांत मी त्यांचा भावोजी झालो, दोन्ही मुलांचा काका झालो, सुनांचा चुलतसासरा झालो आणि एका चष्मेवाल्या नातीचा आजोबा झालो. ताई, ही गेल्याला चार वर्षं झाली. या चार वर्षांत मला लोकांनी काय काय म्हटलं असेल? "अहो", "तुम्ही", "जरा बाजूला व्हा". तुझा मुलगा मामा म्हणतो, पण तेही फोनवर आणि घाईत. आणि इथे एका दुपारी चार नाती अंगावर पडली.

मी राहिलो. त्यांनी आग्रह केला, मीही सोडवून घेण्याची फार खटपट केली नाही. त्यांचं शिलाईचं काम आहे. पुढच्या खोलीत तीन यंत्रं. मला काही येत नाही म्हटल्यावर गुंड्या निवडायला बसवलं. मी रंगांप्रमाणे, मग भोकांप्रमाणे लावल्या. नात म्हणाली, "आजोबा, आमच्याकडे इतकं नीट कुणीच करत नाही." मला तर बक्षीस मिळाल्यासारखं झालं. भिंतीवर त्यांच्या पूर्वजांचे फोटो होते. मी एकेकापुढे उभा राहून स्वतःचं नाक शोधत होतो, आणि खरं सांगतो, दोघांत सापडलंही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फिरायला गेलो, तो गावाबाहेर फाट्यावर मैलाचा एक जुना दगड लागला. दगडावर दोन बाण होते. दोन्हींपुढे गावाचं नाव तेच. एकापुढे 'व.' आणि दुसऱ्यापुढे 'खा.'. वरचं आणि खालचं! मी वरच्या गावात आलो होतो. आपण खालचे. चौतीस वर्षांत लोकांच्या हजारो चुका पकडल्या आणि आयुष्यातली एकुलती एक महत्त्वाची नोंद वाचताना एक अक्षर समजलं नाही. पाच-दहा मिनिटं मी त्या दगडापाशी नुसता उभा होतो. मग सरळ परत जाऊन खरं सांगायला हवं होतं. परत गेलो, आणि गुंड्या निवडायला बसलो.

तुला माझा राग येईल, पण ऐक. अख्खी संध्याकाळ आणि दुसरा अख्खा दिवस मी तोंड उघडलं नाही. जेवताना उघडलं तेवढंच. कुणी "काका" म्हणालं की काळजात टोचायचं, आणि बराच वेळ कुणी म्हटलं नाही तर त्याहून जास्त टोचायचं. निघायच्या दिवशी सकाळी मात्र राहवेना. सगळे जमले असताना मी म्हटलं, "मोठी आई, माझी चूक झाली. मी तुमचा कुणी नाही. मी खालच्या गावचा."

सुनांनी एकमेकींकडे पाहिलं. मोठ्या आई सुईत दोरा ओवत होत्या. दोरा गेल्यावर म्हणाल्या, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. दुसऱ्यांदा वाढायला आले तर तुम्ही तीनदा नको म्हणालात. आमच्या घराण्यात कुणी एकदासुद्धा म्हणत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही तरी कुठे बोललात? त्या दगडापाशी उभे होतात ते धाकट्या सुनेने पाहिलं." मग दोऱ्याला गाठ मारून म्हणाल्या, "माणूस आपलं घर शोधत दारात आला, भावोजी. त्याला हे नव्हे म्हणायला जीभ रेटत नाही."

भावोजी म्हणाल्या, ताई. सगळं कळल्यावरही.

त्यांच्या थोरल्याने टेम्पो काढला आणि धाकट्या मुलाला कामावर ठेवून बाकी सगळेच मला खालच्या गावाला घेऊन निघाले. तर खालचं गाव नाहीच. तिथे साठ वर्षांपासून कौलांचा कारखाना आहे. पहारेकऱ्याने "पंधरा मिनिटं" म्हणून आत सोडलं. मोठ्या आई लग्न होऊन आल्या तेव्हा खालचं गाव होतं, त्यांनी बोट दाखवलं, "तुमच्या लोकांची आळी इथे." इथे म्हणजे जिथे ट्रक वजन करतात तो लोखंडी काटा. मी त्यावर जाऊन उभा राहिलो. दुसरं काय करणार? काट्याशेजारच्या खोलीतल्या आकड्याकडे पाहिलं तर शून्य. पहारेकरी म्हणाला, "शंभराच्या खाली तो दाखवतच नाही. एकट्या माणसाचं काम नाही ते." मी हसलो, पण ते शून्य मला फार लागलं. तेवढ्यात मोठ्या आई काठी टेकत वर चढल्या. मग थोरला, मग दोन्ही सुना, मग नात. आकडा तीनशे वीसवर गेला. पहारेकऱ्याने गंमत म्हणून पावतीही फाडून दिली. ती मी खिशात ठेवली आहे.

परतताना टेम्पोत मोठ्या आईंनी मला तुझ्या-माझ्या आजोबांबद्दल एक गोष्ट सांगितली. सासूकडून ऐकलेली. खालच्या गावात एक जण सगळ्यांची पत्रं वाचून दाखवायचा. वाईट बातमी असली की वाचता वाचता ती थोडी बदलायचा. वारला असेल तर 'आजारी आहे' म्हणायचा, आणि मग दोन-तीन पत्रांत हळूहळू खरं सांगायचा. तेच तुमचे आजोबा असावेत, म्हणाल्या. असतील. किंवा मला बरं वाटावं म्हणून त्यांनी रचलंही असेल. मी पडताळून पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही. डॉक्टरीणबाईंच्या फॉर्मवर मात्र सुवाच्य अक्षरात 'माहीत नाही' लिहून आलो.

तर असा हा पाच दिवसांचा हिशेब. आई गेल्यापासून आपण दोघं एका छपराखाली कधी झोपलो नाही, हे मला परतीच्या गाडीत मोजता मोजता लक्षात आलं. अकरा वर्षं झाली. असो. कंबर सांभाळ.

तुझा,
धाकटा

ता. क. छातीची धडधड आता पुष्कळ कमी आहे. हे अगोदर लिहायचं राहिलं.

ता. क. २ : मुख्य गोष्ट सांगायची विसरलोच. निळ्या दाराची सगळी मंडळी पुढच्या रविवारी माझ्याकडे येत आहेत. घरात खुर्च्या दोन. शिवाय मोठ्या आईंनी "घरी कोण कोण असतं?" असं विचारलं होतं, तेव्हा माझ्या तोंडून पटकन "ताई" असं निघून गेलं. आता मी खोटा पडू नये असं वाटत असेल तर तुला शनिवारपर्यंत यावं लागेल. चार चादरी आण.

ता. क. ३ : पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. रविवारी कुणीही येत नाहीये. मी त्यांना बोलावलेलंच नाही अजून. चादरी नकोत. तू ये. दिवस कळव, मी न्यायला येतो. न कळवता आलीस तरी चालेल, मी घरीच असतो.