स्पार्टावाल्या यासीनची खाट

प्रिय यासीन,

तू गेल्यावर तुला उगाच हाका मारायच्या नाहीत, असं मी ठरवलं होतं. दमून गेलेला माणूस, निवांत पडू दे म्हटलं. पण उद्या जुम्म्याच्या जेवणानंतर खोलीत कौल घ्यायचाय आणि माझं चित्त थाऱ्यावर नाही. दुपारपासून चहा करतोय आणि गार झाला की ओततोय. इतक्या वर्षांत असं काही अडलं की मी तुझ्याशी भांडून मोकळा व्हायचो. आता भांडू कुणाशी?

प्रश्न तुझ्या खाटेचा आहे.

सुट्टीवर निघताना तू चादर ओढून ठेवलीस, ती अजून तशीच आहे. तू तिकडे गावी अंगणात बसल्या बसल्या गेलास. फोन आला तेव्हा मी स्टोअरच्या खिडकीवर कुणाला तरी हातमोजे देत होतो. त्याला दोन्ही डाव्या हाताचे दिले म्हणे. तुझ्या मातीला मला येता आलं नाही, हे सलत राहणार. पण मेल्या, तूही सांगून गेला नाहीस! "ईद झाली की येतो, तोवर माझं लोणचं संपवू नका," हे काय निरोपाचं बोलणं झालं?

आपल्या कामगार कॅम्पच्या बॉसने परवा मला दारात गाठलं. "चाचा, बेड खाली नहीं रख सकते. रूम तुम लोग का है, तुम लोग बोलो. शनिवार को जवाब देना, यल्ला." माणूसही तयार आहे. नितीन म्हणून, सावंतवाडीकडचा, इन्सुलेशनच्या कामावर. आधीच्या कंपनीचं काम खलास झालं, आपल्याकडे बदलून आला. सध्या त्याला कॅम्पच्या टोकाच्या पत्र्याच्या केबिनमध्ये टाकलंय. तिथला एसी भर दुपारी मान टाकतो. रात्रपाळी करून आलेल्या माणसाने तिथे दिवसा झोपायचं कसं? जुबैलचा हा वाळवंटी उन्हाळा तुला काय सांगायचा!

आणि नवा माणूस घ्यायचा की नाही, याचा खोलीचा कायदा कुणी केला? तूच ना?

ते ग्रीसवरचं पुस्तक तू रद्दीतून उचलून आणलं होतंस. कव्हर नाही, शेवटची पानं नाहीत. शाळेने आपल्याला लवकरच सोडलं होतं, त्यामुळे कुणी परीक्षा घेईल ही भीती नव्हती. आळीपाळीने वाचलं. तू स्पार्टा घेतलंस, मी अथेन्स. जशी पोरं क्रिकेटची टीम वाटून घेतात तशी!

तुझं म्हणणं सरळ होतं. स्पार्टाला तटबंदी नव्हती, माणसं हीच भिंत. सातव्या वर्षी मुलगा घरातून उचलून बराकीत. सगळ्यांनी एका पंगतीत बसून तो काळा रस्सा प्यायचा, राजालाही वेगळं ताट नाही. "साइटवर पाइपांचं मचाण बांधणाऱ्या माझ्यासारख्याला हे कळतं," तू म्हणायचास. "एकाने क्लॅम्प ढिला ठेवला की वरचा माणूस खाली. तुझे अथेन्सवाले क्लॅम्प आवळायचा की नाही यावर सभा घेतील."

"घेतीलच!" मी म्हणायचो. "आणि संध्याकाळी त्याच मचाणावर नाटक करतील. तुझ्या स्पार्टाने मागे काय ठेवलं? एखादी बरी मूर्ती? एखादं देऊळ?"

"शिस्त."

एका शब्दात उत्तर दिलं की तू जिंकल्यासारखा दाढी कुरवाळायचास. घरी फोनवरही तसंच. वहिनी तिकडून अर्धा तास बोलायच्या आणि तू इकडून "बरं". मी त्यांच्या जागी असतो तर फोन आपटला असता!

सुट्टीच्या दिवशी कंपनीची बस अल-खोबरला निघाली की तू मला कोपर मारायचास. "चल दत्ता, तुझ्या अथेन्सला." समुद्रकाठच्या कॉर्निशवर इंजिनियरांची कुटुंबं, पोरांची सायकल, बायकांच्या गप्पा, मॉलमधला झगमगाट. तू दाणे खात बसायचास आणि गुपचूप सगळं बघायचास. परत येताना भोंगा, गेट, ओळीने खोल्या, नुसते पुरुषच पुरुष. मी म्हणायचो, "आलं रे तुझं स्पार्टा, उतर." तू हसायचास, पण बसमधून उतरायला वेळ लावायचास. ते माझ्या नजरेतून सुटलं नव्हतं बरं का!

त्याच पुस्तकात तुला भाकरीचा कौल सापडला. स्पार्टाच्या पंगतीत नवा माणूस घ्यायचा तर प्रत्येकाने भाकरीची गोळी करून भांड्यात टाकायची. ज्याला तो नको, त्याने गोळी चपटी करायची. एक जरी चपटी निघाली तरी माणूस बाहेर. कुणी केली हे विचारायचं नाही. तुला हे इतकं आवडलं की आपल्या खोलीत तू इथल्या रोटीच्या, खुबूसच्या गोळ्यांवर कौल सुरू केलास.

सलीमच्या वेळचा गोंधळ आठवतो? आपला श्रीवर्धनचा सलीम, क्रेनवाला. बॅग घेऊन दारात उभा, आणि पातेल्यात एक गोळी चपटी! तू लगेच न्यायाधीश. "कायदा म्हणजे कायदा." मी तासभर वकिली केली. शेवटी सांगलीचा आपला पोपट, जेवणाची पाळी त्याची होती, कपाळावर हात मारून म्हणाला, "अहो, खुबूस गरम होता! माझीच गोळी तळाशी चेपली असेल." सलीम बाहेरून ओरडला, "चाचा, मी आत येऊ की खुबूस निवायची वाट बघू?" तेव्हापासून कौलाला शिळा खुबूस.

उद्यासाठी पोपटाने शिळा काढून ठेवलाय. आणि यासीन, माझी बोटं शिवशिवतायत.

थांब, जरा खोलीत एक चक्कर मारून आलो. बसवत नाही.

नितीन वाईट नाही. तेच तर! काल संध्याकाळी खोली बघायला आला, येताना केळी घेऊन आला. "काका, इथे बसू ना?" म्हणेपर्यंत तुझ्या खाटेवर बसलासुद्धा. मांडी घालून. मग गावची जत्रा, दशावतार, त्याच्या मुलीचे दात, सगळं सांगून झालं. सलीम नंतर म्हणाला, "दत्ताकाका, हा तर अगदी तुमच्यासारखा. तोंड मिटतच नाही." पोपट माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, खुबूस कशाला हवा? तुमचं तोंडच चपटं झालंय."

आता गंमत ऐक. हल्ली मोबाईलवर मराठीत बरंच वाचायला मिळतं. तू गेल्यावर मी आपल्या दोन गावांचं पुन्हा वाचायला घेतलं. आपण दोघं तिथे राजे नाहीतर पंडित असल्यासारखे भांडायचो. खरंच गेलो असतो तर कोण असतो रे? अथेन्समध्ये बाहेरून येऊन राहणारे पुष्कळ होते. कुंभार, लोहार, व्यापारी. त्यांना मत नाही, जमीन नाही, वेगळा कर भरायचा आणि गावातला एक माणूस जामीन म्हणून ठेवायचा. यासीन, म्हणजे आपल्या व्हिसाचा जामीन, कफीलच की! अर्ध्या गावाचं काम हे लोक करत होते. आणि तुझं स्पार्टा? ते तर अधूनमधून परक्या माणसाला गावातून हाकलूनच द्यायचं. तुला मचाण बांधायला वेशीच्या आत घेतलं नसतं.

हे वाचून मला आधी आनंद झाला. जिंकलो! तुला सांगायला वळलो, तर खाट.

मग लक्षात आलं, आज हाकलायला कोण निघालंय? अथेन्सवाला मी. तोंडाने सभा आणि नाटक, आणि मुठीत चपटी गोळी. तू असतास तर मला सोलून काढलं असतंस. "तुझे अथेन्सवालेही खापरीवर नाव कोरून माणसं गावाबाहेर घालवायचेच की," असंही वर ऐकवलं असतंस. खरंय बाबा. दोन्ही गावांनी बायकांना सभेत बसू दिलं नाही, दोन्ही गावं गुलामांच्या जिवावर जेवली. तुझ्या गावच्या मुली निदान मोकळ्या मैदानात धावत होत्या, माझ्या गावच्या मुली माजघरात. हे पान तू मला कधी वाचून दाखवलं नाहीस ते? हरशील म्हणून गप्प बसलो, असं म्हणशील. लबाड!

पण एक फरक मी सोडणार नाही. तुझ्या कौलात नको म्हणणाऱ्याला तोंड दाखवावं लागत नाही. बोटं आवळली की झालं, माणूस बाहेर, आणि आपण साळसूदपणे रस्सा ओरपायला मोकळे. अथेन्सच्या सभेत उठून, सगळ्यांच्या देखत, बोलावं लागायचं. मला नितीन नको आहे का? नाही रे. मला त्या खाटेवर तू सोडून दुसरं कुणी नको आहे. हे गोळीत कसं मावणार? आणि त्याचा दंड त्या बिचाऱ्याने उन्हात का भरायचा?

पोपट मघाशी डोकावून गेला. "काका, कुणाला लिहिताय?" म्हटलं, "यासीनला." तो उंबऱ्यातच थांबला. मग म्हणाला, "त्यांना सांगा, लोणचं आम्ही संपवलेलं नाही," आणि गेला. बघ, नुसता मीच नाही अडकलेला.

म्हणून तुला शब्द देतो. उद्या मी गोळी टाकणार नाही. जेवणाआधी, नितीनला समोर बसवून, उठून बोलेन. सांगेन की बाबा, तू ये, खोली तुझी आहे, पण ती खिडकीजवळची खाट आमच्या यासीनची, तिथे आज कुणाला बसवायला मला जमत नाही. रडू फुटलं तर फुटू दे, सलीम काय चिडवायचं ते चिडवेल. आणि शनिवारी कामावरून आलो की माझं अंथरूण उचलून मी तुझ्या खाटेवर टाकीन. नितीनने माझ्या खाटेवर झोपावं. तुझ्या गादीला मधे खड्डा पडलाय, माझी पाठ धरणार. धरू दे.

तुझा,
दत्ताराम