पळीचा नकाशा

सारायेव्हो, १९ फेब्रुवारी

प्रिय राडेन्को,

तुझा पत्ता तुझ्या बहिणीकडून घेतला. भाजीबाजारात दिसली, मीच हाक मारली. ती म्हणाली, "मुहो, फोन नंबर देते, बोल की सरळ." मी म्हटलं, नको, पत्ताच दे. फोनवर तू विचारणार कसा आहेस, मी म्हणणार बरा आहे, आणि दोघंही फोन ठेवून देणार. एकतीस वर्षं आपण न बोलता काढली, त्यात आणखी एका दिवसाची भर कशाला?

आधी बातम्या सांगतो. वीजखात्यातून निवृत्त झालो. घरात मी एकटाच आहे. मुलगी ग्राझला असते, रविवारी फोन करते आणि काय जेवलात ते विचारते. गुडघे अजून माझे स्वतःचे आहेत, दात निम्मे. आणि बासष्टाव्या वर्षी मी पुन्हा शिकाऊ उमेदवार झालोय. हसू नकोस, स्की पायात घालून डोंगर चढायला शिकतोय.

आता तू म्हणशील, लिफ्ट काय मोडलीय का? लिफ्ट आहे, पण वारा सुटला की ती बंद करतात, आणि हल्ली वारा सुटल्याशिवाय बर्फच पडत नाही. गेल्या हिवाळ्यात मी सलग तीन दिवस खिशात तिकीट घेऊन खालच्या उपाहारगृहात कॉफी पीत बसलो होतो. खिडकीतून दिसायचं, थांबलेल्या खुर्च्यांच्या खालून सात-आठ जणांची एक रांग मुंगीच्या पावलांनी वर चाललीय. तिसऱ्या दिवशी त्यांची म्होरकी आत आली, लामिया. पर्वत बचाव पथकात आहे, बत्तीस वर्षांची, म्हणजे युद्ध सुरू झालं तेव्हा रांगत असेल. माझ्या बुटांकडे बघून म्हणाली, "काका, एवढे भारी बूट खुर्चीत बसून झिजवताय होय?" मला राग यायला हवा होता. आला नाही. मी विचारलं, कधी येऊ?

तर ऐक, चढतात कसं ते. स्कीच्या तळाला एक केसाळ पट्टी चिकटवायची. तिला सगळे कातडंच म्हणतात. केस मागे वळलेले, त्यामुळे स्की पुढे सरकते आणि मागे घसरत नाही. मागे घसरत नाही हे लामियाचं म्हणणं, मी घसरलो. बुटाची टाच मोकळी सोडायची. जन्मभर टाच घट्ट अडकवून उतरलेल्या माणसाला पहिले चार दिवस वाटत राहतं की काहीतरी तुटलंय. आणि उभ्या चढावर वळायचं म्हणजे एक पाय उचलून उलटा ठेवायचा. क्षणभर तुझे दोन पाय दोन दिशांना तोंड करून उभे असतात आणि तू मध्ये, कुठे जावं ते न कळलेला. तिथे मी इतक्यांदा पडलो की लामियानं सगळ्यांसमोर जाहीर केलं, "आमचे मुहोकाका उतरताना सरदार आणि चढताना गाभण गाय!" सगळे खो खो हसले. मीही हसल्यासारखं केलं.

उजव्या पायाची दोन बोटं माझी त्र्याण्णवच्या हिवाळ्यात गोठली, तेव्हापासून त्यांना काही कळत नाही. परवा उतरून आल्यावर बूट काढला तर मोजा लाल झालेला. टाचणीनं टोचून पाहिलं, तरी काही नाही. लामिया भडकली. "दुखत होतं तर सांगायला काय झालं होतं?" मी म्हटलं, बाई गं, दुखलंच नाही. ती म्हणाली, "हे तर त्याहून वाईट." बोलून ती पट्टी आणायला गेली. राडेन्को, पायाचं सोड, माझं बहुतेक सगळंच तसं झालंय. हे मी कुणाला सांगत नाही. बायको गेली त्या दिवशीसुद्धा मी उभा राहून आलेल्यांना कॉफी देत होतो. लोक म्हणाले, केवढा खंबीर माणूस! खंबीर कसला, कपाळ!

एका बाबतीत मात्र माझं कौतुक झालं. पुढच्यानं पाडलेल्या वाटेतच पाय टाकायचा, इंचभर इकडेतिकडे नाही, हे बाकीच्यांना शिकवायला तिला दोन-दोन वर्षं लागतात. मला पहिल्या दिवसापासून येतं. "काका, हे कुठे शिकलात हो?" असं तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पुढे निघाली. आमच्या वयाच्या माणसांना हे कुठे येतं ते इथल्या पोरांना माहीत आहे. जानेवारीत ल्युब्ल्यानाचा एक पाहुणा आमच्याबरोबर होता. त्याला लघवीला लागली, तर तो आपला सभ्यपणे वाट सोडून झुडपामागे निघाला. आम्ही आठही जण एका आवाजात असे ओरडलो की बिचारा अर्ध्या उघड्या विजारीनं आपल्याच पावलांवर पाय ठेवत परत आला. मग त्याला समजावलं की इथे वाटेवरच उभं राहायचं, बाकीचे पाठ करतात. इतकं हसलो आम्ही त्या दिवशी. युद्धापासून जमिनीत राहिलेल्या सुरुंगांवर आम्ही हसतो, तुला ठाऊकच आहे.

आता पळीबद्दल.

तुला पळी आठवते ना? पडक्या मेंढवाड्याच्या मागे, वर अरुंद दांडा आणि खाली गोल खोलगट असा तो उतार. नाव तूच ठेवलंस. तेरा वर्षांचे होतो आपण. स्की खांद्यावर टाकून दोन तास पायी चढायचो आणि तीन मिनिटांत खाली. तुझा डावा हात मोडून वाकडा बसला होता, त्यामुळे प्रत्येक वळणावर तो असा बाहेर फेकला जायचा, आणि आपले मास्तर खालून ओरडायचे, "राडेन्को, स्की करतोयस का कोंबड्या हाकतोयस?" आणि घरी गेल्यावर तू चौकटीच्या वहीत सगळं काढायचास. कुठून उतरलो, कुठे वळलो, खडक कुठे, बर्फ किती हात. मी एकदा काढलं तर माझ्या हातातून कागद हिसकून घेतलास आणि लाल पेन्सिलीनं दुरुस्त केलास. चुकलेलं तुला बघवायचंच नाही. तू भूमापक होणार हे आम्हा सगळ्यांना तेव्हाच कळलं होतं.

युद्धानंतर पळीत कुणी उतरलेलं नाही. आमची रांग रोज मेंढवाड्यापाशी जाऊन वळते. यंदा बर्फ चांगलाय, आणि लामियाच्या मनात भरलंय की मार्चच्या पहिल्या रविवारी पळीत उतरायचं. आठ जणं, त्यात दोन विशीतल्या मुली. मी म्हटलं, तिथे नको. ती म्हणाली, "काका, इथल्या प्रत्येक उतारावर कुणीतरी म्हणतंच की नको. पळीत सुरुंग पेरल्याचा कुणाकडे कागद नाही, धोक्याच्या यादीत नाव नाही. सुरुंग काढणाऱ्यांना कागद दाखवल्याशिवाय ते येत नाहीत. वर दोन मीटर बर्फ आहे, उन्हाळ्यात खाली मेंढ्या चरतात. तुम्ही स्वतः काही पाहिलंय का? पाहिलं असेल तर सांगा, मी सगळा बेत रद्द करते, आत्ता." सगळे माझ्याकडे बघत होते. मी कातडं सोलून घडी करत होतो. म्हटलं, नाही, मी काही पाहिलेलं नाही.

पाहिलं होतं. नोव्हेंबर त्र्याण्णव, महिनाअखेर. मी समोरच्या कड्यावर पहाऱ्याला होतो, दुर्बीण घेऊन. तुमच्या सैन्याच्या बाजूनं एक माणूस स्कीवरून पळीत उतरला, पाठीवर पोतं. तोंड झाकलेलं होतं, पण डावा हात कोंबड्या हाकत होता. एवढ्या लांबून, एवढ्या वर्षांनी, दोन वळणांत मी तुला ओळखलं. तू थांबलास, वाकलास, बर्फ उकरलास, पुढे सरकलास, पुन्हा वाकलास. तीन दिवस आलास. बावीस वेळा वाकलास, मी मोजलं. माझ्या शेजारी बंदूक होती आणि ती तिथवर पोचत होती. तिन्ही दिवस मी खाली कळवलं, हालचाल नाही.

मी तुझा जीव वाचवला असं मनात आणू नकोस. उपकार सांगायला मी हे लिहीत नाही. सुरुंगांचंही मी कुणाला बोललो नाही. बोललो असतो तर पहिला प्रश्न आला असता, पाहिलंस तर झाडली का नाहीस? उद्या सांगू, परवा सांगू, करता करता वरून बर्फ पडला आणि मी गप्प राहिलो. एप्रिलमध्ये बर्फ वितळला. आमच्या तुकडीत हाजरो म्हणून एक होता, बेकरीवाला, सतत खाण्याच्या गोष्टी काढायचा. भुकेनं आम्ही सगळेच पिवळे पडलो होतो. तो पळीत रानलसूण खुडायला उतरला. मी त्या दिवशी सुट्टीवर शहरात होतो. परत आलो तेव्हा त्याचं दफनसुद्धा आवरून झालं होतं. त्याची बायको माझ्याच गल्लीत राहते. ईदला मला बकलावा पाठवते, आणि मी खातो. सगळ्यांनी धरून चाललं की तो एकच सुरुंग होता, कुणीतरी टाकून गेलेला. बाकीचे एकवीस फक्त दोघांना माहीत आहेत. त्यानंतर मला कशाचंच फारसं काही वाटलेलं नाही. रागसुद्धा नाही, तुझाही नाही.

पण त्या दिवशी कातड्याची घडी करता करता मी दुसऱ्यांदा तेच केलं, आणि या वेळी वाईट वाटलं. कुठे दुखतंय ते कळायला दोन दिवस गेले. म्हणून येत्या शनिवारी मी लामियाकडे जाणार आहे आणि तिला सगळं सांगणार आहे. तिथून हाजरोच्या घरी. बेत रद्द होईलच, तो माझ्या बोलण्यानंच व्हायला हवा. तिथे तुझं नाव मी घेणार नाही. घ्यायचं की नाही ते तुझं तू ठरव. पण हे सारं परक्याच्या तोंडून तुझ्या कानावर जाऊ नये, आधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. आणि आणखी एका कारणासाठी. सोबत चौकटीचा कागद आहे. पळी मी आठवून काढलीय, आणि समोरच्या कड्यावरून दिसलं तशा बावीस फुल्या मारल्यात. हाजरोची गोल करून ठेवलीय. लामिया नेहमी सांगते, बर्फ घसरतो तसे सुरुंगही खाली घसरतात, पण सुरुवात कुठून झाली ते कळलं तर उन्हाळ्यात माणसं येऊन काढतील. तू काही नोंदवल्याशिवाय जमिनीत ठेवलं असशील, हे मी मरेपर्यंत मानणार नाही. वही जपून ठेवली असशील. नसशील तर डोक्यात असेल. माझं चित्र चुकलेलं आहे, दांडा फार रुंद आलाय, अंतरं अंदाजानं टाकलीत. तुला ते बघवणार नाही. लाल पेन्सिल घे आणि दुरुस्त करून पाठव.

तुझाच,
मुहो