रविवारच्या गोळ्या

३ जानेवारी १९८८
नव्या वर्षाचा संकल्प: दवाखान्याबाहेर बोर्ड लावायचा. 'परदेश प्रवास सल्ला'. देवपुरात पहिलाच. या विषयावरचं पुस्तक मागवायचं. डॉक्टरांच्या असोसिएशनमध्ये भाषणही द्यायचं.

२० फेब्रुवारी
बोर्ड लागला, आणि पहिला पेशंट! सोनगीरचा लीलाधर. बोअरवेलचा मेकॅनिक, कंपनी टांझानियाला पाठवतेय. सोबत आई, द्रौपदाबाई. बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन ठोकलं, लिव्हर टॉनिक लिहून दिलं. कंपनीच्या मुंबईच्या डॉक्टरने त्याला मलेरिया होऊ नये म्हणून गोळ्या दिल्यात, दर रविवारी घ्यायच्या. म्हटलं, घे बाबा. पण खानदेशच्या डासांवर पोसलेल्याला आफ्रिकेचा डास काय करणार? सगळे हसले. बाई सोडून.
पुस्तक मागवायचं राहिलंय. गर्दी फार.

४ सप्टेंबर
लीलाधर परत आला. ठणठणीत. माझाच सल्ला. बाई पेढे घेऊन आल्या. गोळ्या परतल्यावरही चार रविवार घ्यायच्या म्हणे. बाईंनी विचारलं, "आते घर उना, तरी बी घेवान्या?" म्हटलं, डास तिकडे राहिले, मग गोळ्या इकडे कशाला? लिव्हर बिघडतं. बंद करा.

१६ सप्टेंबर
लीलाधरला थंडी वाजून ताप. गावच्या पाण्याची सवय मोडली की असं होतं. टायफॉइडचं औषध सुरू केलं. बाईंनी विचारलं, "डागदरसाहेब, हाऊ तिकडला ताप त नही ना?" समजावलं, तिकडचा असता तर तिकडेच आला असता. रक्त तपासायचं मनात येऊन गेलं. पण तीस वर्षं नाडी बघतोय, उगाच नाही.

१८ सप्टेंबर
सोनगीरला जाऊन सलाइन लावलं. लीलाधर असंबद्ध बडबडतोय. अशक्तपणा. उद्यापर्यंत ताप उतरेल.

१९ सप्टेंबर
उतरला नाही. आईला ओळखेना. धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवला. तिथल्या डॉक्टरने रक्त पाहिलं. मलेरिया, मेंदूपर्यंत गेलेला. मला फोन करून विचारलं, गोळ्या कोणी बंद केल्या? म्हटलं, पेशंट ऐकतात कुठे.

२१ सप्टेंबर
लीलाधर गेला. उशिरा आणला, असं तिथे म्हणाले. कोणामुळे उशीर, तो विषय कोणी काढला नाही. बरं झालं.
अंत्यविधीला जाणार होतो. स्कूटर पंक्चर.

८ ऑक्टोबर
द्रौपदाबाई आल्या. भांडतील म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं: वैद्यकशास्त्रात शंभर टक्के काही नसतं, वगैरे. त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही. पदराची गाठ सोडली आणि उरलेल्या गोळ्यांची न फोडलेली पाकिटं टेबलावर ठेवली.
"बठ्ठ्या तशाच शेतस. दुसरं कोणी तिकडे जाई, त्याले द्या. सांगा त्याले, घर उना तरी बंद करू नको."
पाकिटं खणात ठेवली. लाज वाटली, फार वाटली. त्या गेल्यावर पुढचा पेशंट आत यायला निघाला, त्याला बाहेरच थांबवलं.
संध्याकाळी बोर्ड उतरवला. पावसाने रंग उडाला होता, म्हणून.